सांध्यांतील दाहाचे दूत



सांधेदुखी हा शब्द आपल्याकडे फार सैलपणे वापरला जातो. उतारवयात गुडघे झिजून होणारे दुखणे आणि ऐन तारुण्यात बोटांचे सांधे सुजवून हात वाकडे करणारा विकार, या दोहोंनाही एकच नाव दिले जाते आणि दोहोंवर एकाच बाटलीतले तेल चोळले जाते. वस्तुतः हे दोन विकार अगदी निराळे आहेत. पहिला बहुतांशी झिजेचा आहे. दुसऱ्यास वैद्यकीय परिभाषेत संधिवाताभ संधिशोथ म्हणतात; लोक त्याला आमवात म्हणून ओळखतात. सकाळी उठल्यावर हाताची मूठ वळत नाही, लुगडे नेसता येत नाही, भाकरी थापता येत नाही, आणि हा ताठरपणा अर्धा-एक तास किंवा त्याहूनही अधिक काळ टिकतो, ही त्याची ओळख. तो पुरुषांपेक्षा स्त्रियांना दुपटी-तिपटीने अधिक होतो. १९९६ मध्ये पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे घरोघर जाऊन सांध्यांच्या विकारांची पाहणी करण्यास प्रारंभ झाला. त्या पाहणीत या आजाराचे प्रमाण दर दोनशे प्रौढांमागे सुमारे एक इतके आढळले. अडीच हजार प्रौढांच्या गावात असे दहा-बारा रुग्ण असावयाचे. त्यांतील बरेचसे दवाखान्याच्या नोंदवहीत नसतात. ते घरात असतात.

हा विकार बाहेरून आलेल्या जंतूमुळे थेट होत नाही. शरीराचे रक्षण करणारी यंत्रणाच आपले आणि परके यांतील विवेक हरवून बसते व स्वतःच्या सांध्यांवर तुटून पडते. निरोगी सांध्याचे अस्तर अत्यंत पातळ, पेशींच्या एक-दोन थरांचे असते. रोगात ते जाड होते, त्यात नव्या रक्तवाहिन्या फुटतात, रक्तातील पांढऱ्या पेशी तेथे ठाण मांडतात आणि हे फुगलेले अस्तर शेजारची कूर्चा व हाड कुरतडू लागते. एकदा कुरतडले गेलेले हाड पूर्ववत होत नाही. म्हणूनच या रोगात पहिल्या काही महिन्यांना जी किंमत आहे ती नंतरच्या अनेक वर्षांना नाही.

परंतु इतक्या नानाविध पेशी एका जागी गोळा कशा होतात? त्यांना बोलावणे कोण धाडते? येथे या भाषणाच्या मुख्य विषयास सुरुवात होते. पेशी एकमेकींशी बोलतात त्या रेणूंच्या भाषेत. एका पेशीने अल्प प्रमाणात सोडलेले प्रथिन दुसरीच्या पृष्ठभागावरील ठराविक ग्राहकाला जाऊन चिकटते, आणि त्या पेशीचे वर्तन बदलते. या संदेशवाहक प्रथिनांना सायटोकाईन असे नाव आहे. गावात कोतवालाने एका वेशीवर दवंडी पिटावी, ती ऐकून दुसऱ्या आळीत दुसऱ्याने हाक द्यावी, आणि पाहता पाहता सारे गाव चावडीवर जमावे, तसाच हा प्रकार असतो. जखम झाली किंवा जंतू शिरला तर ही दवंडी प्राण वाचविते. काम संपले की ती थांबतेही. आमवातात ती थांबत नाही.

यांतील एका रेणूचे नाव महाराष्ट्रातील सामान्य माणसानेही नकळत ऐकले आहे. २०२१ च्या उन्हाळ्यात, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, ज्या टॉसिलिझुमॅब या इंजेक्शनसाठी रुग्णांचे नातेवाईक शहरोशहरी धावत होते आणि ज्याचे वाटप केंद्र सरकारला राज्यांना कोटा ठरवून करावे लागले, ते औषध आधीपासून याच सांध्यांच्या विकारासाठी वापरात होते. इंटरल्युकिन-६ नावाच्या दाहदूताचा आवाज ते बंद करते. त्याची कथा पुढे येईल.

माणसाचा रोग माणसातच का अभ्यासू नये, असा प्रश्न कोणी विचारील तर तो रास्त आहे. अडचण अशी की, रुग्ण डॉक्टरांकडे येतो तेव्हा त्याचा रोग सुरू होऊन बराच काळ लोटलेला असतो. रक्तातील काही विकृत प्रतिपिंडे तर सांधा दुखू लागण्याच्या कित्येक वर्षे आधी तयार झालेली आढळतात. आरंभ पाहावयाचा तर रोग ठराविक दिवशी, ठराविक रीतीने सुरू झाला पाहिजे, आणि ते केवळ प्रयोगशाळेतील प्राण्यांमध्येच शक्य असते. १९५६ मध्ये अमेरिकेत कार्ल पिअर्सन यांनी उष्णतेने मारलेले क्षयजंतूंच्या कुळातील जंतू तेलात घोटून घुशीसारख्या मोठ्या पांढऱ्या उंदरांना टोचले, तेव्हा त्या प्राण्यांचे पाय सुजले. मेलेल्या जंतूने सांध्याला सूज यावी हे त्या काळी चकित करणारे होते. पुढे १९७७ मध्ये डेव्हिड ट्रेंथम व त्यांच्या सहकाऱ्यांनी कूर्चेतील मुख्य प्रथिन, म्हणजे दुसऱ्या प्रकारचे कोलॅजन, तशाच तेलात मिसळून टोचले आणि संधिशोथ निर्माण केला. १९८० मध्ये हीच रीत लहान उंदरांत यशस्वी झाली. डीबीए/१ या वंशाचे उंदीर यासाठी विशेष सोयीचे ठरले.

या प्रयोगाची पद्धत थोडक्यात सांगावयाची तर अशी. उंदराच्या शेपटीच्या बुडाशी बैलाचे किंवा कोंबडीचे कोलॅजन टोचतात. सुमारे तीन आठवड्यांनी पुन्हा एक मात्रा देतात. त्यानंतर काही दिवसांत पंजे लाल होऊन सुजतात. प्रत्येक पंजाला बहुधा शून्य ते चार असे गुण दिले जातात, सूज मोजपट्टीने मोजली जाते आणि अखेरीस सांध्याचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहून कूर्चा व हाड किती खाल्ले गेले ते नोंदविले जाते. गुण देणाऱ्यास कोणत्या उंदराला औषध दिले आहे हे ठाऊक नसावे, हा दंडक अत्यंत महत्त्वाचा आहे. तो जेथे पाळला गेला नाही तेथील निष्कर्ष सोन्याचे दिसले तरी पितळेचेच समजावेत.

सुजलेल्या पंजांनी चालणाऱ्या उंदराला वेदना होतात याबद्दल शंका नको. भारतात प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आणि त्याखालील १९९८ चे नियम यांनुसार असे प्रयोग नोंदणीकृत संस्थेत, समितीची पूर्वपरवानगी घेऊनच करता येतात. पण कायद्याने सर्व कोडे सुटत नाही. वेदना कमी करणारी कित्येक औषधे दाहही कमी करतात, आणि दाह हाच तर अभ्यासाचा विषय. म्हणून संशोधकाला मऊ अंथरूण, खाली ठेवलेले अन्नपाणी, आणि त्रास ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेल्यास प्रयोग तेथेच थांबविणे, अशा मार्गांचा अवलंब करावा लागतो. या प्राण्यांकडून जे ज्ञान मिळाले त्याचे मोल सांगताना ही बाजू झाकून ठेवणे योग्य नव्हे.

आता दाहदूतांपैकी सर्वांत प्रसिद्ध रेणूकडे वळू. १९७५ मध्ये न्यूयॉर्क येथे लॉइड ओल्ड यांच्या प्रयोगशाळेत असे दिसून आले की, बीसीजी जंतू दिलेल्या उंदरांना जंतूंचे विष टोचल्यानंतर त्यांच्या रक्तरसात एक असा पदार्थ तयार होतो की ज्यामुळे दुसऱ्या उंदरांतील गाठी काळ्या पडून मरतात. त्यामुळे त्यास ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर, संक्षेपाने टीएनएफ, असे नाव मिळाले. कर्करोगावर रामबाण उपाय सापडला अशी आशा निर्माण झाली. ती फलद्रूप झाली नाही. १९८५ मध्ये न्यूयॉर्कमध्येच अँथनी सेरामी व ब्रूस बॉयट्लर यांनी दाखविले की, दीर्घ आजारात अंग झडविणारा जो पदार्थ ते शोधत होते तो आणि टीएनएफ हा एकच. त्याच वर्षी त्यांनी असेही सिद्ध केले की, टीएनएफला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे आधी दिल्यास जंतुविषाने मरणारे उंदीर वाचतात.

यावरून रक्तातील जंतुप्रकोपावर हाच उपाय चालेल असे अनेकांस वाटले. माणसांवर मोठमोठ्या चाचण्या झाल्या आणि त्या अपयशी ठरल्या. उंदराला प्रतिपिंड विषाच्या आधी दिले होते. रुग्ण मात्र वादळ अंगावरून गेल्यावर रुग्णालयात पोहोचतो. प्राण्यांवरील प्रयोगांतून काय घ्यावे आणि काय घेऊ नये, याचा हा पहिला आणि महागडा धडा होय.

दरम्यान लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि रविंदर मैनी हे दोघे निराळ्या वाटेने चालले होते. मैनी हे जन्माने लुधियानाचे. त्यांचे बालपण युगांडात गेले. फेल्डमन यांचा जन्म पूर्व युरोपातील लव्हूव येथला आणि शिक्षण ऑस्ट्रेलियातील. एक पेशींच्या संदेशांचा अभ्यासक, दुसरा संधिविकारांचा वैद्य, असा हा जोड होता. शस्त्रक्रियेत काढून टाकलेले रुग्णांच्या सांध्यांचे अस्तर प्रयोगशाळेत आणून त्यातील पेशी बशीत जिवंत ठेवावयाच्या आणि त्या काय काय बोलतात ते ऐकावयाचे, हे त्यांचे काम. ऐकू आले ते गोंधळात टाकणारे होते. इंटरल्युकिन-१ होते, इंटरल्युकिन-६ होते, टीएनएफ होते, आणखीही कित्येक होते. एखाद्या शेताला दहा पाटांनी पाणी येत असेल तर एक पाट बांध घालून अडविल्याने शेत कोरडे कसे होणार? एकच रेणू अडवून हा रोग शमविता येईल, असे त्या काळी फारच थोड्या जाणकारांना वाटत होते.

या ठिकाणी १९८९ मधील एका साध्या प्रयोगाने दिशा दिली. फेल्डमन-मैनी यांच्या सहकारी फिओनुला ब्रेनन यांनी रुग्णांच्या सांध्यांतील पेशींमध्ये टीएनएफला बांधून टाकणारे प्रतिपिंड घातले. अपेक्षा अशी की, टीएनएफ तेवढे बंद होईल व बाकीचे चालू राहतील. प्रत्यक्षात काही दिवसांतच इंटरल्युकिन-१ ची निर्मितीही खाली आली. पुढे इतर काही दाहदूतांबाबतही तसेच दिसले. पाट दहा होते हे खरे. पण त्यांतील पुष्कळांना पाणी एकाच कालव्याच्या दारातून येत होते.

बशीतील पेशी म्हणजे जिवंत सांधा नव्हे, हे मात्र सर्वजण जाणून होते. तेव्हा प्रश्न उंदरांपुढे ठेवण्यात आला आणि दोन स्वतंत्र प्रयोगशाळांनी दोन निरनिराळ्या बाजूंनी त्याचे उत्तर शोधले. ग्रीसमध्ये जॉर्ज कोलियास यांच्या गटाने मानवी टीएनएफचे जनुक उंदरांत घातले आणि त्याच्या शेवटच्या भागात असा बदल केला की निर्मितीवरचा नैसर्गिक लगाम सुटावा. १९९१ मध्ये त्यांनी जाहीर केले की, या उंदरांना कोलॅजन टोचावे लागत नाही, तेल लागत नाही, मेलेले जंतू लागत नाहीत. जन्मानंतर तीन-चार आठवड्यांतच सर्वांना संधिशोथ होतो. मानवी टीएनएफविरुद्धचे प्रतिपिंड दिले तर तो होत नाही. एकच दाहदूत जास्त झाला एवढ्याने सांधे नासू शकतात, हे यावरून निर्विवाद झाले. तथापि माणसाच्या रोगात तोच दूत मुख्य असतो, हे यावरून सिद्ध होत नव्हते.

दुसरी बाजू रिचर्ड विल्यम्स यांनी फेल्डमन व मैनी यांच्यासमवेत १९९२ मध्ये मांडली. त्यांनी कोलॅजन टोचून रोगी केलेले डीबीए/१ उंदीर घेतले आणि त्यांना टीएनएफविरोधी प्रतिपिंड दिले. रोग सुरू होण्यापूर्वी दिले असता तो सौम्य झाला. पण खरी कसोटी पुढे होती. पंजे सुजल्यानंतर, म्हणजे रुग्ण ज्या अवस्थेत डॉक्टरांकडे येतो त्या अवस्थेत, प्रतिपिंड दिले तेव्हाही सूज उतरली, आणि सूक्ष्मदर्शकाखाली सांध्यांची नासधूस कमी झालेली दिसली. जंतुप्रकोपाच्या बाबतीत जो प्रश्न आधी विचारावयास हवा होता तो या वेळी विचारला गेला होता. संशोधनात पुष्कळदा प्रयोगाच्या थाटमाटापेक्षा वेळेचे हे भान निर्णायक ठरते.

त्याच वर्षी लंडनच्या चेरिंग क्रॉस रुग्णालयात २० रुग्णांना, ज्यांच्यावर इतर औषधे हरली होती, टीएनएफला बांधणारे प्रतिपिंड शिरेतून देण्यात आले. पुढे इन्फ्लिक्सिमॅब या नावाने ओळखले गेलेले हे प्रतिपिंड उंदराच्या व माणसाच्या प्रथिनांचा संकर होता. मूळ उंदरी प्रतिपिंड न्यूयॉर्क विद्यापीठात तयार झाले होते. रुग्णांचा ताठरपणा, वेदना आणि सूज लवकरच कमी झाली. परंतु खुली चाचणी म्हणजे पुरावा नव्हे. आपल्याला नवे औषध मिळते आहे या जाणिवेनेही माणसाला बरे वाटते. म्हणून ७३ रुग्णांवर, कोणाला खरे औषध व कोणाला खोटे हे रुग्णांपासून आणि तपासणाऱ्यांपासून लपवून, दुसरी चाचणी झाली. १९९४ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. चार आठवड्यांनंतर खोट्या औषधाच्या गटात ८ टक्के, कमी मात्रेच्या गटात ४४ टक्के आणि अधिक मात्रेच्या गटात ७९ टक्के रुग्णांत ठरलेल्या निकषांनुसार सुधारणा आढळली. औषध थांबविल्यावर रोग परत आला, ही गोष्टही तितक्याच स्पष्टपणे नोंदविली गेली. तो मुळासकट गेला नव्हता. त्याचा आवाज दाबला गेला होता. अमेरिकेत या वर्गातील इटानरसेप्ट हे औषध १९९८ मध्ये आणि इन्फ्लिक्सिमॅब १९९९ मध्ये या रोगासाठी मान्य झाले. २००३ मध्ये फेल्डमन आणि मैनी यांना लास्कर पुरस्कार मिळाला.

ही कथा एवढ्यावर थांबविली तर ती सुखान्त वाटेल, आणि उंदराने सांगितले ते माणसाने ऐकले असा समज होईल. वास्तव इतके सरळ नाही. इंटरल्युकिन-१ चे उदाहरण घ्या. कोलॅजनच्या उंदरांत कूर्चा वाचविण्याच्या बाबतीत इंटरल्युकिन-१ अडविणे हे टीएनएफ अडविण्यापेक्षाही सरस ठरले होते. या दूताचा नैसर्गिक विरोधी रेणू ज्यांच्यात नाही असे उंदीर जपानमध्ये तयार करण्यात आले, तेव्हा त्यांना आपोआप संधिशोथ झाल्याचे २००० मध्ये प्रसिद्ध झाले. एवढ्या भक्कम साक्षीवर उभे राहिलेले अनाकिन्रा हे औषध २००१ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. परंतु आमवाताच्या रुग्णांत त्याचा गुण माफकच आढळला. ते वाया मात्र गेले नाही. ताप, पुरळ व सांधेसूज एकत्र आणणाऱ्या काही विरळ विकारांत, त्यांत लहान मुलांचेही काही विकार आले, इंटरल्युकिन-१ अडविल्याने आश्चर्यकारक गुण येतो. साक्ष खरी होती. खटला दुसरा होता.

इंटरल्युकिन-६ चे याच्या उलट झाले. ओसाका येथे ताडामित्सु किशिमोतो यांच्या गटाने १९८६ मध्ये या रेणूचे जनुक ओळखले. १९९८ मध्ये इटलीतील संशोधकांनी हे जनुक काढून टाकलेल्या डीबीए/१ उंदरांना कोलॅजन टोचले, तर त्यांना संधिशोथ झालाच नाही. पण सामान्य उंदरांत इंटरल्युकिन-६ चा ग्राहक अडविणारे प्रतिपिंड कोलॅजन टोचण्याच्या सुमारास दिले तरच काम करी. दोन आठवडे उशीर झाला तर निरुपयोगी ठरे. कोणी केवळ उंदरांवर विसंबून राहिला असता तर त्याने हे औषध जुन्या रोगाला चालणार नाही म्हणून बाजूला ठेवले असते. रुग्णांत मात्र टॉसिलिझुमॅब जुन्या, मुरलेल्या रोगातही चांगले लागू पडले. जपानमध्ये २००८ साली आणि अमेरिकेत २०१० साली ते आमवातासाठी मान्य झाले.

असे का व्हावे? याचे एक कारण फ्रान्समधील स्ट्रासबूर्ग येथे १९९६ मध्ये योगायोगाने हाती आलेल्या उंदरांनी दाखविले. दोन वंशांच्या संकरातून जन्मलेल्या या पिलांना आपोआप संधिशोथ होई. त्यांचा रक्तरस निरोगी उंदराला टोचला तरी काही दिवसांत त्याचे पंजे सुजत. १९९९ मध्ये कळले की, त्यांची प्रतिपिंडे ज्यावर हल्ला करतात ते प्रथिन सांध्यातले खास असे काही नाही. साखरेच्या ज्वलनात भाग घेणारे, शरीराच्या प्रत्येक पेशीत असणारे एक साधे विकर आहे. या उंदरांत रोगासाठी इंटरल्युकिन-१ अत्यावश्यक ठरले आणि इंटरल्युकिन-६ अनावश्यक. म्हणजे दाहदूतांपैकी मुख्य कोण, या प्रश्नाला एकच उत्तर नाही. रोग कोणत्या वाटेने आला यावर ते अवलंबून आहे. उंदरांचे प्रकार अनेक आहेत, आणि माणसांतील आमवातही बहुधा एका नावाखाली नांदणारे अनेक रोग आहेत. इंटरल्युकिन-१७ या दूताबाबत तेच घडले. तो नसलेल्या उंदरांत कोलॅजनचा संधिशोथ सौम्य होतो. तरीही त्याच्या विरोधी औषधांनी आमवातात निराशा केली, आणि सोरायसिसबरोबर येणाऱ्या सांधेसुजीत व पाठीचा कणा ताठ करणाऱ्या विकारात उत्तम यश दिले.

आता त्या भागाकडे वळणे आवश्यक आहे, जो आपल्या देशाच्या दृष्टीने सर्वांत गंभीर आहे. टीएनएफ हा निसर्गाने सांधे खराब करण्यासाठी निर्माण केलेला नाही. क्षयाचा जंतू फुप्फुसात शिरला की शरीर त्याच्याभोवती पेशींची तटबंदी उभारते. जंतू मरत नाही, पण कोंडला जातो आणि वर्षानुवर्षे तसाच पडून राहतो. ही तटबंदी बांधणारा गवंडी म्हणजे टीएनएफ. जिनिव्हा येथील संशोधकांनी १९८९ मध्ये बीसीजी दिलेल्या उंदरांत टीएनएफ अडविला, तेव्हा ती तटबंदी नीट उभी राहिली नाही. १९९५ मध्ये अमेरिकेत जोअ‍ॅन फ्लिन यांच्या गटाने दाखविले की, टीएनएफचा संदेश ज्यांना ऐकू येत नाही असे उंदीर क्षयाने लवकर दगावतात. म्हणजे औषध बाजारात येण्याच्या तीन वर्षे आधी इशारा छापून आलेला होता. २००१ मध्ये अमेरिकेत अहवाल प्रसिद्ध झाला, त्यात इन्फ्लिक्सिमॅब घेणाऱ्या रुग्णांपैकी ७० जणांना क्षय झाल्याची नोंद होती. बहुतेकांना तो पहिल्या तीन मात्रांच्या आतच उद्भवला होता, आणि निम्म्याहून अधिक जणांचा क्षय फुप्फुसाबाहेरचा, ओळखण्यास अवघड असा होता. एका प्रयोगशाळेतील उंदराचे पंजे पाहणाऱ्यांनी दुसऱ्या प्रयोगशाळेतील उंदराचे फुप्फुस वेळीच पाहिले असते, तर कदाचित ही यादी आखूड झाली असती.

तेव्हापासून या औषधांपूर्वी सुप्त क्षयाची तपासणी केली जाते. छातीचे क्ष-किरण चित्र, ट्यूबरक्युलिन चाचणी किंवा रक्ताची चाचणी, आणि संसर्ग आढळल्यास प्रतिबंधक औषध, असा हा क्रम आहे. भारतात ही केवळ कागदावरील अट नव्हे. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय क्षयरोग प्रसार सर्वेक्षणात १५ वर्षे व त्यावरील वयाच्या सुमारे ३१ टक्के लोकांत क्षयाचा संसर्ग आढळला. युरोपात शंभरातील थोड्यांना लागू होणारी खबरदारी येथे तीनातील एकाला लागू होते. गावातील एखादी स्त्री शहरात जाऊन अशी सुई घेऊन आली आणि तिला महिन्या-दोन महिन्यांत ताप, वजन घटणे किंवा मानेला गाठ दिसू लागली, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात तिने घेतलेल्या औषधाचे नाव सांगितले जाणे अगत्याचे आहे. पुष्कळदा ते सांगितलेच जात नाही; कारण सांध्याचा डॉक्टर वेगळा आणि तापाचा वेगळा, अशी समजूत असते.

खर्चाची बाब उघड आहे. ही औषधे जिवंत पेशींकडून तयार करून घ्यावी लागतात, आणि त्यामुळे ती गोळीसारखी स्वस्त होत नाहीत. डिसेंबर २०१४ मध्ये झायडस कॅडिला या भारतीय कंपनीने अ‍ॅडॅलिमुमॅब या टीएनएफविरोधी औषधाची जगातील पहिली तत्सम आवृत्ती बाजारात आणली. त्यानंतर किमती खाली आल्या, तरी अल्पभूधारक कुटुंबाच्या आवाक्यात त्या आल्या असे म्हणता येत नाही. २०१२ मध्ये अमेरिकेत मान्य झालेले टोफासिटिनिब हे पोटात घेण्याचे औषध निराळ्या तत्त्वावर आहे. ते दूताला अडवीत नाही, तर निरोप पेशीच्या आत पोहोचविणारी साखळी तोडते. सोय मोठी, पण हृदयविकार, कर्करोग व रक्ताच्या गुठळ्या यांबाबत अमेरिकी नियंत्रकांनी २०२१ मध्ये त्याबद्दल कडक इशारा दिला.

आणि तरीही, बहुतेक रुग्णांना प्रारंभी यांतील कोणत्याही महाग औषधाची गरज नसते. मेथोट्रेक्सेट ही जुनी, स्वस्त गोळी आजही उपचाराचा पाया आहे. ती आठवड्यातून एकदाच घ्यावयाची असते. चुकून रोज घेतल्यास प्राणावर बेतू शकते. ही एक सूचना गोळीच्या पाकिटावर मराठीत मोठ्या अक्षरांत असती तर किती बरे झाले असते. याच्या अगदी उलट टोकाला आहेत त्या बिननावाच्या पुड्या, ज्या खाताच दुसऱ्या दिवशी सांधे मोकळे होतात. हा चमत्कार बहुधा त्यांत गुपचूप मिसळलेल्या स्टेरॉइडचा असतो. स्टेरॉइड हे वाईट औषध नव्हे. १९४८ मध्ये अमेरिकेत फिलिप हेंच यांनी अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला कॉर्टिझोन देऊन चालते केले, आणि १९५० मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. ते सगळेच दाहदूत एकदम गप्प करते, आणि त्याची किंमत हाडे ठिसूळ होणे, साखर वाढणे व जंतुसंसर्ग होणे या रूपाने वसूल करते. डॉक्टर ते मोजून देतो व कमी करीत आणतो. पुडीत मोजमाप नसते.

उंदरांकडून अजून न मिळालेले एक उत्तर असे की, समोर बसलेल्या या विशिष्ट रुग्णाला कोणते औषध लागू पडेल. डीबीए/१ वंशाचे सर्व उंदीर आनुवंशिकदृष्ट्या जवळजवळ एकमेकांच्या प्रती असतात. माणसे तशी नसतात. शिवाय कोलॅजनच्या उंदरांचा रोग पुष्कळदा काही आठवड्यांत आपोआप ओसरतो, तर माणसाचा जन्मभर सोबत करतो. साधारण एकतृतीयांश रुग्णांना टीएनएफविरोधी औषधाचा पुरेसा गुण येत नाही. महिनोन् महिने एक औषध वापरून पाहावयाचे, ते हरले की दुसरे, आणि तोवर हाड झिजत राहावयाचे, अशी आजची रीत आहे. ती बदलण्यासाठी लक्ष पुन्हा मानवी सांध्याकडे वळले आहे. सोनोग्राफीच्या साहाय्याने बारीक सुई घालून अस्तराचा कण काढता येतो, आणि त्यात कोणत्या पेशी व कोणते संदेश प्रबळ आहेत ते वाचता येते. लंडनमधून चालविलेल्या आणि युरोपातील पाच देशांत १६४ रुग्णांवर झालेल्या अशा एका चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. टीएनएफविरोधी औषध हरलेल्या या रुग्णांना रिटुक्सिमॅब किंवा टॉसिलिझुमॅब देण्यात आले. सूक्ष्मदर्शकाने केलेल्या वर्गवारीत दोन्ही औषधांत ठाम फरक दिसला नाही. जनुकांच्या संदेशांवरून वर्गवारी केली तेव्हा ज्यांच्या अस्तरात बी-पेशी विरळ होत्या त्यांच्यापैकी टॉसिलिझुमॅबने ६३ टक्के, तर रिटुक्सिमॅबने ३६ टक्के रुग्ण सुधारले.